वाकू नका, बसू नका, उचलू नका

फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसले. बसले म्हणजे खुर्चीच्या दोन्ही हातांवर पंजे रोवून, ओठ दाबून त्यांनी स्वतःला बेताबेतानं खाली सोडलं. पाठदुखीवाला पाठदुखीवाल्याला लगेच ओळखतो. पांढरा सदरा, डाव्या खांद्यावर घासून विरलेला. मानेच्या मागे कातडी जाड आणि काळपट. हातात दवाखान्याचा छापील कागद. तोच मलाही मिळाला होता. "साहेब, चष्मा घरी ऱ्हायला. तेवढं वाचून दाखवता का?" मी वाचायला लागलो. वजन उचलू नये. कमरेतून पुढे वाकू नये. जमिनीवर मांडी घालून बसू नये. उकिडवं बसू नये. फार वेळ उभं राहू नये. फार वेळ बसू नये. प्रवास टाळावा. सुरुवातीला ते एकेका शब्दाला मान हलवत होते; 'वजन' म्हटल्यावर मान थांबली ती थांबलीच. संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं काम काय असतं?" म्हटलं, हिशेबाचं, कंप्युटरवर. "म्हंजे बसून." हो. "मग ह्यो कागद तुमच्यासाठी छापलाय का माझ्यासाठी?" ते भुसार बाजारात हमाल होते. कागदाची चौपदरी घडी घालून त्यांनी ती खिशात तंबाखूच्या पुडीमागे सारली आणि दाराकडे बघत बसले.

प्रश्न गमतीनं विचारला होता आणि मी हसलोही. पण नंतर तो काही केल्या डोक्यातून जाईना. कारण खरं पाहता कागद दोघांच्याही कामाचा नव्हता. त्यांनी वजन उचलायचं नाही तर खायचं काय, आणि मी 'फार वेळ बसायचं नाही' तर पगार कसला घ्यायचा? त्या कागदावर माणसाचा एक धंदा गृहीत धरला होता, आणि तो धंदा म्हणजे काहीही न करता आडवं पडणं. त्यातही 'फार वेळ आडवं पडू नये' एवढंच लिहायचं राहिलं असावं.

माझं दुखणं सुरू झालं ते काही उचलताना नाही. सकाळी उठलो, बेसिनवर वाकून चूळ भरली आणि वर यायला गेलो तर येता येईना. कमरेच्या डाव्या बाजूला कुणीतरी आतून मूठ आवळली आणि श्वास अर्ध्यावर राहिला. बेसिनच्या कडेला धरून, आरशात स्वतःचा वाकडा चेहरा बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. तोंडात पेस्टचा फेस, आणि थुंकायला वाकायची भीती. उसण याआधीही भरली होती, चारदोन दिवसांत गेलीही होती. या वेळी मात्र ती मुक्कामालाच आली. त्यानंतरच्या दिवसांत कळलं की दिवसभरात आपण कमरेला किती वेळा हाक मारतो. मोजे घालताना. कमोडवरून उठताना. रिक्षा स्पीडब्रेकरवरून जाताना. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत शोधायची. बायको म्हणाली, "तू हसायचंही बंद केलंस." तेही खरं होतं. जोरात हसलं की कळ यायची.

सकाळीच का, हे नंतर वाचताना उमगलं. दोन मणक्यांच्या मधली चकती रात्रभर पाणी शोषून फुगते. म्हणून तर सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. जर्मनीत उल्म इथल्या संशोधकांनी 1999 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात एका पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या कमरेच्या चकतीत बारीक दाबमापक बसवून साधारण दिवसभर त्याला घेऊन वावरायला लावलं. तो माणूस स्वतः हाडांचा सर्जन होता, हे मला फार आवडलं. झोपेत त्याच्या चकतीतला दाब 0.10 मेगापास्कलवरून 0.24 पर्यंत चढला. अशी टच्च फुगलेली चकती घेऊन उठल्या उठल्या वाकणं पाठीला जड जातं. ज्यांना जुनं दुखणं आहे त्यांनी उठल्यावर पहिला काही वेळ वाकणं टाळलं तर दुखण्याचे दिवस कमी होतात, असं अमेरिकेतल्या 1998 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आता मी बेसिनसमोर गुडघे वाकवून उभा राहतो. दिसायला ते वाईट दिसतं.

पाठ धरली ही बातमी सोसायटीत पसरली आणि उपायांची रीघ लागली. तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून शेकायचं. एरंडाचं पान तेल लावून गरम करायचं आणि कमरेला बांधायचं. निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून त्या पाण्यानं आंघोळ. डिंकाचे लाडू, जे मी कोणत्याही दुखण्यावर खायला तयार असतो. तळमजल्यावरच्या आजींनी तर पायाळू माणूस शोधून काढला, सी विंगमधला कॉलेजात जाणारा मुलगा. त्याच्या आईला बोलावून पायाकडून जन्मल्याची खात्री करून घेतली. मग मला पालथं झोपवून त्याला सांगितलं, "डाव्या पायानं हळूच लाव. तीनदा." तो बिचारा इतका संकोचला होता की पाय लावताना "सॉरी अंकल" म्हणाला. लहानपणी गावी हे मी पाहिलं होतं, पुण्यात फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या समोर, बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आणि सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं. साध्या उसणीचा स्वभावच असा की बहुतेक वेळा काही आठवड्यांत ती आपली आपण ओसरते. त्या काळात हाताशी जो उपाय असेल त्याला श्रेय मिळतं: मिठाला, मलमाला, पायाळूला, कधी कधी डॉक्टरलाही. शेकाचं म्हणाल तर उबेनं आवळलेले स्नायू थोडे सैल होतात, वेदना तेवढ्यापुरती कमी होते. तेवढ्यापुरती कमी होणं ही काही लहान गोष्ट नाही. पॅरासिटामॉलचं मात्र आश्चर्य वाटलं. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत, नव्यानं धरलेल्या पाठीवर ती गोळी आणि नुसती दिखाऊ गोळी यांत काही फरक पडला नाही. मी मूठभर खाल्ल्या होत्या.

यथावकाश एमआरआय झाला. त्या पांढऱ्या नळकांड्यात खडखडाट ऐकत पडून राहणं, मग लखोटा, मग लिफ्टमध्येच लखोटा फोडून वाचणं. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलेली, पाचवा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्यामधली वाळलेली, 'झीज', 'झीज', 'झीज'. वाचता वाचता पाठ जास्त दुखायला लागली. रिपोर्ट मिळण्याआधी मी दुखणं असलेला माणूस होतो, नंतर मोडलेला माणूस झालो. वाकताना मनात ती चकती सरकताना दिसायची. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: 1994 साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या 98 लोकांचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या 64 टक्के लोकांच्या निदान एका चकतीत काही ना काही बिघाड होता. पुढे अशा अनेक अभ्यासांची गोळाबेरीज झाली तेव्हा दिसलं की काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या मुलांपैकी 37 टक्क्यांच्या चकत्या झिजू लागलेल्या असतात, आणि ऐंशीच्या माणसांत 96 टक्क्यांच्या. कातडीला सुरकुत्या पडतात तशा मणक्यांनाही पडतात, फक्त त्यांचा फोटो कुणी काढत नाही. सरकलेली चकती बऱ्याच जणांची काही महिन्यांत आपोआप आक्रसतेही. पण लखोट्यात हे लिहिलेलं नसतं.

तो रिपोर्ट हातात घेऊन मला पहिल्यांदा वडील आठवले.

वडील बसवर ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाटातली गाडी. आमच्या घरात पाठदुखी ही त्यांची मालमत्ता होती, तिच्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगायचा नाही. ड्युटीवरून आले की खाकी शर्ट खुंटीला, आणि ते ओट्यावर पालथे. आई कोमट तेलाची वाटी घेऊन बसायची. त्या तेलाचा वास, त्यात मिसळलेला डिझेलचा आणि घामाचा वास, हा माझ्या लहानपणीच्या संध्याकाळचा वास आहे. कमरेच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे ताणलेले स्नायू असायचे, आईचा अंगठा त्यावरून घसरायचा. त्या काळच्या गाड्यांना इंजिन ड्रायव्हरच्या कुशीत, सीटचा फोम बसून लाकूड वर आलेलं, स्टिअरिंग फिरवायला अख्खा माणूस लागायचा. वडील घरून घोंगडीची जाड घडी घेऊन जायचे, पाठीमागे लावायला. मी एकदा सुट्टीत त्यांच्या गाडीत शेजारी बसून गेलो होतो. हेळवाकच्या पुढे घाट लागला तसं पायाखालची पत्र्याची फळी थरथरायला लागली. ती थरथर माझ्या दातांपर्यंत आली. एका वळणावर त्यांनी गिअर टाकताना डोळे मिटल्यासारखे केले, क्षणभर. तेव्हा मला वाटलं झोप आली. आता कळतं काय होतं ते.

म्हणून माझ्या मनात हिशेब कायमचा पक्का होता. सीटनं वडिलांचे मणके खाल्ले. हादरे, बसून राहणं, घाट. हादऱ्यांचा आणि पाठदुखीचा संबंध आहेच. ट्रक, ट्रॅक्टर, बस चालवणाऱ्यांत ती जास्त दिसते. पण मग 2002 साली छापलेला फिनलंडचा तो जुळ्यांचा अभ्यास वाचनात आला आणि हिशेब चुकला. त्यांनी एकसारखे दिसणारे जुळे भाऊ घेतले, 45 जोड्या, त्यातला एक जन्मभर गाडी चालवणारा आणि दुसरा तसं न करणारा. दोघांच्या मणक्यांचे एमआरआय शेजारी शेजारी ठेवले. चकत्यांच्या झिजेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच संशोधकांच्या इतर कामांतून पुढे येत गेलं की चकती कधी आणि किती झिजणार हे बरंचसं रक्तातून येतं. म्हणजे लखोट्यातली ती झीज वडिलांची सीट आणि माझी खुर्ची यांची करणी असण्यापेक्षा त्यांच्याकडून मला आलेला वारसा असण्याची शक्यता जास्त. जमिनीचा तुकडा नाही, घर नाही, चौथी-पाचवी चकती. हे वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही. घाटातल्या त्या थरथरीवर ठेवलेला एवढ्या वर्षांचा राग आता कुठे ठेवायचा?

अर्थात झीज वेगळी आणि दुखणं वेगळं, हे त्या 98 जणांनी आधीच सांगितलं होतं. वडिलांची पाठ दुखत होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग ती कशानं दुखत होती?

वडिलांना त्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध म्हणजे फळी. गादी काढून टाका, लाकडी फळीवर सतरंजी टाकून झोपा, आणि सक्त आराम. सक्त आराम म्हणजे बिनपगारी रजा, त्यामुळे आराम झाला नाही, फक्त फळी झाली. सुताराकडून आणलेली ती फळी पुढे आमच्या घरी पापड वाळवायला वापरली. आणि बघा, दोन्ही सल्ले पुढे ढासळले. स्पेनमध्ये 2003 साली 313 जणांना कडक आणि मध्यम कडक गाद्या वाटून पाहिलं. मध्यम कडक गादीवाल्यांची पाठ जास्त बरी झाली. आणि आराम? टेक्ससमध्ये 1986 मध्ये दोन दिवसांचा आराम आणि सात दिवसांचा आराम यांची तुलना झाली, सात दिवसांनी काही जास्त पदरात पडलं नाही. हेलसिंकीत 1995 मध्ये नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकाला झोपायला सांगितलं, एकाला व्यायाम दिला, तिसऱ्याला सांगितलं, झेपेल तेवढी रोजची कामं करत राहा. तिसरा गट सगळ्यांत लवकर बरा झाला. म्हणजे वडिलांना परवडत नव्हता तो आराम त्यांना मिळाला नाही हे एका परीनं बरंच झालं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. कारण त्यांची 'रोजची कामं' म्हणजे तीच सीट. हेलसिंकीच्या सल्ल्यातले 'झेपेल तेवढी' हे दोन शब्द त्यांच्या वाट्याला कधीच आले नाहीत. गाडी सुटायची ती वेळेवर, आणि घाटाच्या मधोमध पाठ मोकळी करायला उतरता येत नाही.

माझ्या आत्याची गोष्ट वेगळी, पण फार वेगळी नाही. ती दुसऱ्यांच्या शेतात भुईमुगाच्या खुरपणीला जायची. बायकांनी आपापली पात धरायची, उकिडवं बसून सरकत सरकत बांधापर्यंत जायचं, वळायचं, पुन्हा. मी तिच्याबरोबर गेलो की मला सावलीत बसवायची. एका ओळीत आठदहा पाठी, रंगीत लुगडी, आणि खुरप्यांचा मातीत खस्स खस्स आवाज. मध्येच कुणी कमरेवर हात ठेवून उठायची, मान मागे टाकून आभाळाकडे बघायची. लगेच बांधावरून आवाज: "काय गं, ऊन किती झालं ते बघतीस व्हय?" की ती खाली. पात मागे राहिली तर बाकीच्या पुढे निघून जायच्या, ती वेगळी लाज.

हा बांधावरचा आवाज मला कॅलिफोर्नियात पुन्हा ऐकू आला, म्हणजे वाचनात. तिथल्या लेट्युस आणि बिटाच्या शेतांत मेक्सिकन मजुरांना फूटभर दांड्याची कुदळ द्यायचे. 'एल कोर्तितो' म्हणायचे तिला, म्हणजे आखूडशी. लांब दांड्याची कुदळ होती, तिनं काम होत होतं, पण मालकांचं म्हणणं होतं की आखूड दांड्यानं काम नीट होतं. खरा फायदा असा की मुकादमानं शेताकडे एक नजर टाकली की कोण काम करतंय आणि कोण नाही ते कळायचं. जो उभा दिसेल तो कामचोर. माणसं तरुणपणीच कमरेतून गेली. शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ यांनीही ती कुदळ चालवली होती आणि त्यांची पाठ त्यांना जन्मभर छळत राहिली. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, खटला वरपर्यंत गेला आणि 1975 मध्ये ती कुदळ बंद झाली. लेट्युस पुढेही उगवत राहिलं.

वाकण्यानं तेवढं नुकसान झालं नसतं. वाकून, वाटेल तेव्हा उठता न आल्यानं ते झालं. मला वाटतं, त्या हमालाच्या प्रश्नाचं उत्तर इथं कुठेतरी आहे. पाठीला एकच आसन मानवत नाही, मग ते कितीही शास्त्रशुद्ध असो. स्वीडनच्या नाखेमसननं साठच्या दशकात लोकांच्या चकत्यांत सुया घालून दाब मोजले होते. उभं असताना 100 धरला तर बसल्यावर 140, पुढे झुकून बसल्यावर 185. त्या आकड्यांवर जगभर महागड्या खुर्च्या विकल्या गेल्या. उल्मच्या त्या सर्जनच्या पाठीत मात्र सैलसर बसल्यावर दाब उभ्यापेक्षा किंचित कमीच निघाला. म्हणजे खुर्ची गुन्हेगार आहे की नाही यावरही एकमत नाही. पण सर्जनच्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट सांगितली गेली: बसण्याची ढब सारखी बदलत राहणं चकतीला चांगलं, कारण दाब वरखाली झाला की तिच्यात पाणी खेळतं. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तिला अन्न मिळतं ते असंच, दाबलं जाऊन आणि सुटून.

आमच्या ऑफिसात मध्यंतरी नव्या खुर्च्या आल्या. कमरेला आधार, हात वरखाली होणारे, मान टेकायला उशी. मार्चअखेरीला त्याच खुर्चीत बसून मी सलग एवढा वेळ काढलाय की उठताना लाज वाटावी. मला कुणी उठू नको म्हटलं नव्हतं. बांधावर कुणी उभं नव्हतं. पण स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका असतो, जागेवर असलं की हिरवा, नसलं की पिवळा. त्या पिवळ्या ठिपक्याची मला जी भीती वाटते ती कुठल्या वर्गात टाकायची? अमेरिकेत बोइंगच्या 3,020 कामगारांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता, 1991 मध्ये छापून आलं. कोण किती वजन उचलतं, कुणाची पाठ किती मजबूत, सगळं मोजलं. ज्यांना आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नाही अशांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याची शक्यता अडीच पट निघाली. याचा अर्थ दुखणं मनाचं असतं असा काढणाऱ्यांशी मी भांडेन. कळ खरी असते, मी बेसिनला धरून उभा होतो. पण धास्ती, कंटाळा, झोपमोड यांनी तीच कळ मोठी होते, आणि हे कुठल्याही फिल्मवर उमटत नाही.

फिजिओथेरपिस्ट बाई कागदापेक्षा बऱ्याच शहाण्या निघाल्या. कागद आधीच्या डॉक्टरांच्या वेळचा, गठ्ठा संपेपर्यंत वाटायचा म्हणून वाटतात, असं त्यांनीच सांगितलं. मला त्यांनी पालथं झोपवून कोपरांवर छाती उचलायला लावली, मग तळहातांवर. पायात जाणारी कळ वर सरकून कमरेत गोळा झाली तर ते चांगलं लक्षण, म्हणाल्या. कमरेत दुखलं तरी घाबरू नका. या व्यायामामागे एक मजेदार अपघात आहे. 1956 साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे एक स्मिथ नावाचा रुग्ण आला होता. त्याला आतल्या टेबलावर पालथा पड म्हणून सांगितलं, पण टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी उचललेली होती, ती खाली करायची राहिली. स्मिथ तसाच कमान होऊन पडून राहिला. मॅकेन्झी येऊन बघतात तर हा म्हणतो, गेल्या कित्येक आठवड्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. सगळ्यांनाच ते लागू पडतं असं नाही. काहींना उलट पुढे झुकून बरं वाटतं. आमच्या शेजारणीला मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या योगसंस्थेत भिंतीच्या दोरांना लटकून बरं वाटलं. माझ्या उपयोगी पडलं ते शेवटी चालणं. रोज, थोडं थोडं वाढवत, कळ असली तरी. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या 701 जणांच्या चाचणीत पाठदुखीतून उठलेल्या ज्यांना चालायला लावलं त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं उलटायला 208 दिवस लागले, बाकीच्यांत 112. चालायला फी लागत नाही, म्हणूनच बहुधा ते कुणी लिहून देत नाही.

मात्र सगळीच पाठ चालून बरी होत नाही. माझ्या मावसभावाची पाठ दुखायची, घरच्यांनी तेलं लावली, पट्टा बांधला, पोरगं बाइकवर फार फिरतं म्हणून बोलणी खाल्ली. त्याला संध्याकाळचा बारीक ताप यायचा आणि पँट ढिली होत चालली होती, त्याकडे उशिरा लक्ष गेलं. मणक्याचा क्षयरोग निघाला. आपल्याकडे तो अजून आहे, आणि गोळ्या पूर्ण घेतल्या तर बरा होतो, तो झाला. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, आधी कधी कर्करोग होऊन गेलेला असणं, म्हातारपणी साधं पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, यांत थांबू नये. आणि लघवी अडकली किंवा सुटली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल. तिथं पायाळूचं काम नाही. पंचविशीतल्या मुलाची पाठ पहाटे आखडत असेल, हालचालीनं मोकळी होत असेल आणि महिनोन्‌महिने हे चालू असेल तर ते संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

हमालकाका पुन्हा दोनतीनदा भेटले. बाईंनी त्यांना उचलून दाखवायला सांगितलं तेव्हा त्यांनी दवाखान्यातला वाळूचा डंबेल बाजूला सारून हसून सांगितलं, पोतं आम्ही उचलत नाही, ते दोघं जण पाठीवर देतात. पाय किती फाकवायचे, ओझं मानेच्या खाली कुठे घ्यायचं, गुडघ्यांनी कसं जोखायचं, हे त्यांनीच बाईंना शिकवलं. बाई बघत राहिल्या. त्यांची पाठ ओझ्यानं गेलीच नव्हती. ट्रकच्या फळीवर पाय सटकला आणि पोतं एका बाजूला गेलं, तेव्हा गेली. पूर्वी शंभर किलोचं पोतं यायचं, आता पन्नासचं येतं, ते आणायला किती मोर्चे निघाले हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. 1969 चा माथाडी कायदा त्यांना कलमानिशी माहीत होता. मी विचारलं, मग सध्या काम? म्हणाले, टोळीनं थप्पी लावायला उभं केलंय, आकडे मोजायचे आणि हिंडायचं. मजुरी टोळीत सारखी वाटून घेतात, त्यामुळे त्यांच्या वाटणीचं वजन बाकीचे उचलत होते. "उद्या त्यांची बारी आली तर मी हाय की." बाईंच्या व्यायामाइतकाच या व्यवस्थेचा त्यांना उपयोग झाला असणार. वडिलांच्या सीटवर त्यांच्या वाटणीचा घाट चालवायला कुणी बसू शकत नव्हतं, आणि माझ्या हिरव्या ठिपक्यालाही टोळी नाही.

लंडनच्या दुमजली बसवर झालेला 1953 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरना, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होत होता. गाडी तीच, रस्ता तोच. ते हृदयाचं होतं, पण मला वाटलं पाठीचंही असंच असणार, आणि परवा फोनवर वडिलांना विचारलं. त्यांचं वय झालंय, पाठ अजून दुखते, पण रोज सकाळी डेपोपर्यंत चालत जाऊन चहा घेऊन येतात. म्हटलं, "आण्णा, तुमच्याबरोबरच्या कंडक्टरांची पाठ नसेल ना दुखत? ते तर फिरते असायचे." पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "पाठ नाही दुखायची. त्याच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. घाटात तो उभा राहून तिकिटं फाडायचा आणि माझ्या सीटकडं बघून म्हणायचा, तुझं बरं आहे, बसून असतोस."